गँगमनची पहार आणि रूळ बदलणारे यंत्र

चिखलदऱ्याला आगगाडी नाही. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरच्या या गावात रुळाचा तुकडाही सापडायचा नाही. घाट उतरून परतवाडा गाठा, तेथून एस.टी. धरा, मग बडनेरा नाहीतर मूर्तिजापूर, तेव्हा कुठे गाडीची शिटी कानी पडते. असे असूनही आमच्या वस्तीत रेल्वेचा विषय निघाला की घराघरातून एखादा आजा, एखादा मामा, एखादा जावई निघतोच, ज्याने आयुष्यभर रुळावर पहार मारली. गार्ड निघत नाही, ड्रायव्हर निघत नाही, स्टेशनमास्तर तर सोडूनच द्या. निघतो तो गँगमन.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वेची लाईन भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. गावकीची कामे करून भाकरतुकड्यावर जगणाऱ्या आपल्या पूर्वजांना रोख मजुरी देणारी जी थोडी दारे त्या काळात किलकिली झाली, त्यात पलटण होती, गिरणी होती, गोदी होती आणि रेल्वे होती. मातीचा भराव टाका, खडी फोडा, रूळ वाहा. काम जनावराचे होते, पण मजुरी नाण्यात मिळत होती. पाटलाच्या वाड्यापुढे हात पसरावा लागत नव्हता. चौकटीवर ‘अस्पृश्यांना येथपर्यंतच प्रवेश’ असे कोणी लिहिले नव्हते इतकेच, बाकी दार तेवढेच उघडले होते.

रुळांचा आमच्या डोंगराशी आणखी एक संबंध आहे आणि तो आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. दोन रुळांच्या खाली आडवे टाकलेले असतात त्यांना स्लीपर म्हणतात. पूर्वी ते लाकडाचे असत. साग, साल, देवदार अशा टणक लाकडाचे. एका किलोमीटरला हजार-दीड हजार स्लीपर लागत. ते उन्हापावसात कुजत, वाळवी खाई, मग पुन्हा नवे. देशभर पसरणाऱ्या रेल्वेची ही भूक काही लहान नव्हती. इंग्रज सरकारने जंगले राखीव करायला घेतली त्यामागे ही भूक हे एक मोठे कारण होते. आमचे मेळघाटचे जंगलही १८६० च्या दशकातच राखीव होऊ लागले. परतवाड्याचा लाकूड डेपो सागाच्या लिलावासाठी आजही नावाजलेला आहे.

पुढे लाकूड अपुरे पडू लागले. बिडाचे आणि पोलादाचे स्लीपर आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काँक्रीटचे स्लीपर आले आणि १९८० नंतर मोठ्या मार्गांवर तेच सगळीकडे दिसू लागले. काँक्रीट कुजत नाही, वाळवी लागत नाही, रूळ घट्ट धरून ठेवते. अडचण एकच. लाकडाचा स्लीपर दोघे-तिघे मिळून उचलीत. काँक्रीटचा स्लीपर पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. किलोमीटरला १,६६० स्लीपर धरले तर हा भार साडेचारशे टनांवर जातो. हा कोण उचलणार? आणि त्याच्याखाली हाताने खडी ठोकून ठोकून बसवणार कोण?

वाचकहो, येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गँगमनची कंबर मोडते म्हणून कुणाच्या काळजाला पाझर फुटला आणि यंत्र आले, असे घडलेले नाही. जंगल पुरेना झाले, काँक्रीट आले, गाड्या जड आणि वेगवान झाल्या, माणसाच्या हाताने ते काम उरकेना, म्हणून यंत्र आले. शंभर वर्षे माणसाच्या पाठीवर जे चालले ते चालू द्यायला कुणाची हरकत नव्हती.

मनमाडला बाबासाहेब काय म्हणाले होते

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी सांगितले ते याच परिषदेत. ते वाक्य आपल्या सभांमधून नेहमी ऐकायला मिळते. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या आपल्या माणसांची स्थिती कशी नेमकी मांडली होती, ते फारसे कुणी सांगत नाही.

त्यांचे म्हणणे असे होते. रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, त्याला वर चढायला पायरीच ठेवलेली नाही. पोर्टरची नोकरी काही मोठी नव्हे, पण तीही त्याला सहसा मिळत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि स्पृश्य स्टेशनमास्तरला आपल्या घरात अस्पृश्याचा वावर चालत नाही! कारखान्यातल्या बऱ्या खात्यांची गोष्टही तीच. म्हणजे कामगार सगळे एक म्हणायचे, पण जड काम एकाकडे आणि चढती दुसऱ्याकडे.

चढायला पायरी नाही, हे बाबासाहेबांचे दुखणे होते. काम जड आहे एवढेच ते म्हणाले नाहीत. यंत्र बघायला जाताना आमच्या मनात हेच होते.

फाटकापाशी उभे राहून

गेल्या हिवाळ्यात एका नामकरणाच्या निमित्ताने वस्तीतली आम्ही बारा-पंधरा माणसे मूर्तिजापूरकडे उतरलो होतो. सोबत बायाबापड्या, लेकरे आणि एक म्हातारे आबाजी. आबाजी छत्तीस वर्षे गँगमध्ये राबून निवृत्त झालेले. पाहुण्यांच्या घरचा जावई रेल्वेत ट्रॅक मेंटेनर आहे. गँगमनचे आधी ट्रॅकमन झाले, आता त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, पगारही पूर्वीपेक्षा बरा झाला. जावयाने सांगितले की उद्या ब्लॉक आहे, रूळ बदलायची गाडी येणार आहे, पाहायचे असेल तर फाटकाच्या बाहेर उभे राहून पाहा.

ब्लॉक म्हणजे ठराविक तासांसाठी त्या रुळावरची वाहतूक बंद. वरच्या तारेतली वीजही बंद. मुंबईकर दर रविवारी मेगाब्लॉकच्या नावाने बोटे मोडतात, पण त्या तीन-चार तासांत रुळावर काय चालते ते गाडीत बसणाऱ्याला दिसत नाही. आपण दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीकडे आणि ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडे याच लाईनवरून जातो. जादा गाड्या सुटतात, डब्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या सगळ्या गर्दीचे ओझे ज्या खडीवर आणि ज्या रुळावर असते, ती खडी आणि तो रूळ कोणीतरी आधी कुठल्याशा थंडीत नाहीतर भर उन्हात नीट केलेला असतो.

ब्लॉक सुरू झाला आणि गाडी आली. गाडीच म्हणायची, कारण ती चांगली लांबलचक होती. पुढेमागे सपाट वाघिणी, त्यावर नव्या स्लीपरच्या थप्प्या, मधोमध लोखंडी सांगाड्याचे यंत्र. नवे रूळ दोन दिवस आधीच लाईनच्या दोन्ही कडांना आणून टाकलेले होते. तेरा तेरा मीटरचे नव्हेत, लांबच लांब. हे रूळ भिलाईच्या पोलाद कारखान्यातून येतात, तेरा मीटरचे वीस रूळ जोडावेत इतके, म्हणजे २६० मीटर लांबीचे. आपल्या याच हावडा-मुंबई लाईनवरून खास गाडीत घालून आणतात. रूळ पोलादी खरा, पण एवढ्या लांबीचा झाला की वळणावर वेताच्या छडीसारखा वाकतो, असे जावई म्हणाला.

आता जे पाहिले ते सांगतो. त्या यंत्राची पुढची चाके जुन्या रुळावर आणि मागची चाके नव्या रुळावर होती. मध्ये रूळ नव्हताच! पुढे जुन्या रुळाच्या चिमट्यासारख्या क्लिपा माणसांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. यंत्र पुढे सरकले की जुने दोन्ही रूळ शिंगरू फाकल्यासारखे बाहेर ढकलले जात. त्यांच्याखालचे जुने स्लीपर एकामागून एक उचलून पट्ट्यावर चढत. उघड्या पडलेल्या खडीवरून नांगरासारखे पाते फिरे आणि जागा सपाट होई. तेवढ्यात वरून नवा स्लीपर खाली येऊन बसे, त्याच्या पुढे ६० सेंटीमीटरवर दुसरा, पुढे तिसरा. मागे कडेचे नवे रूळ आत ओढले जाऊन त्या स्लीपरवर बसत आणि यंत्राची मागची चाके लगेच त्यांच्यावर चढत. सगळे चालता चालता.

वाघिणींच्या डोक्यावर आणखी एक गंमत होती. दोन्ही कडांना बारीक रूळ होते आणि त्यावरून पाळण्यासारखी एक क्रेन पुढे-मागे धावत होती. मागून नव्या स्लीपरची एक ओळ उचलून आणायची, पुढे द्यायची, जुन्यांची ओळ उचलून मागे न्यायची. एका खेपेस पंचवीस-तीस स्लीपर, म्हणजे सात-आठ टन. लेकरांना तर ती फारच आवडली. तिचा चालवणारा वर एकटा बसला होता आणि खाली वाकून बघत सुद्धा नव्हता.

आबाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या टायमाले हे असतं त माही कंबर अशी वाकली नसती.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पन बाप्पा, मानसं कुठी गेली?”

माणसे होती. यंत्राच्या पुढे क्लिपा काढणारी, मागे बसवणारी, जोड तपासणारी, झेंडी घेऊन उभी असलेली. पण आबाजींच्या डोळ्यांपुढे जी माणसे होती ती निराळी. त्यांनी त्या दिवशी संध्याकाळी आम्हाला जुन्या कामाचे सगळे सांगितले. एकेका गँगकडे पाच-सहा किलोमीटरची हद्द. मुकादम, कीमॅन आणि बाकीचे गँगमन. कीमॅन रोज हातोडा आणि पाना घेऊन आपली हद्द पायी तपासायचा, सैल चावी ठोकायची, तडा दिसला तर लाल झेंडी. बाकीच्यांनी पहार, फावडा, खडीचा पंजा आणि बीटर घ्यायचा. बीटर म्हणजे लांब दांड्याचे, एका तोंडाला बोथट पाते असलेले हत्यार. गाडी जाऊन जाऊन स्लीपरखालची खडी दबते, रूळ खाली बसतो. मग पहारीने रूळ उचलायचा आणि समोरासमोर उभे राहून बीटरने स्लीपरखाली खडी ठोकायची. एक स्लीपर झाला की दुसरा. दिवसभर. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी तेच. रूळ तर हवेहूनही जास्त तापतो, हात लागला तर कातडी चिकटते.

रूळ बदलायचा म्हणजे पुरा उत्सवच. तेरा मीटरचा एक रूळ, साठ किलो वजनाच्या जातीचा (मीटरला साठ किलो, म्हणून ते नाव) पावणेआठशे किलोच्या वर भरतो. चिमटे लावून दोन्ही बाजूंनी माणसे, मुकादमाची आरोळी आणि सगळ्यांचा एकदम हैश्शा. एकाचा पाय घसरला की दुसऱ्याच्या पायावर रूळ. आबाजींच्या डाव्या पायाला तीनच बोटे आहेत. आम्ही ते लहानपणापासून पाहत आलो, पण कारण कधी विचारले नव्हते.

पाण्याची गोष्टही त्यांनी सांगितली. एका स्टेशनावर गँगसाठी वेगळा माठ असे आणि तो कुणासाठी हे न लिहिताही सगळ्यांना कळत असे. स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षे लोटल्यावरची ही गोष्ट आहे. त्यांच्या गँगमधल्या जवान पोरांनी एक दिवस तो माठ उचलून साहेबांच्या कचेरीच्या दाराशी नेऊन ठेवला. बदल्या झाल्या. पण माठ पुन्हा आला नाही.

खडी चाळणारे आणि खडी ठोकणारे

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघायचे होतो, पण लेकरांनी हट्ट धरला. त्याच लाईनवर थोडे पुढे खडी चाळायचे यंत्र लागले होते. आमच्या मते दोन्हींत हेच जास्त बघण्यासारखे. रुळाखालून दात असलेली एक साखळी फिरते. रहाटाच्या माळेसारखी. ती स्लीपरखालची सगळी खडी खरवडून वर नेते. वर थरथरणाऱ्या चाळण्या असतात, एकीखाली एक. चांगली खडी परत रुळाखाली पडते आणि माती-गाळ लांब हातासारख्या पट्ट्यावरून बाजूला फेकला जातो. आपल्या माउल्या सुपाने पाखडतात ना, तेच काम. आमच्याबरोबरच्या एका मावशीने तर तेथेच सांगून टाकले की हे सूप कोणा बाईने पाहून केलेले दिसते.

वऱ्हाडात या यंत्राचे मोल अधिक. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गाडीच्या दणक्याने खालचा चिखल वर खडीत चढतो, खडीतून पाणी निचरत नाही, रूळ डुगडुगतो. म्हणून काही वर्षांनी सगळी खडी उपसून चाळावी लागते. पूर्वी हे पंजे आणि चाळण्या घेऊन हाताने करीत आणि त्यासाठी बिगारीने माणसे आणीत.

त्याच्या मागून आले ते ठोकणारे यंत्र, ज्याला टॅम्पिंग मशीन म्हणतात. आबाजींच्या बीटरचा हा खरा वारस. पिवळा रंग, गाडीच्या डब्याएवढा आकार. पोटाखाली लोखंडी बोटे. एका वेळी दोन स्लीपर धरते आणि त्यासाठी बत्तीस बोटे खडीत घुसवते. ती बोटे सेकंदाला पस्तीस वेळा थरथरतात आणि खडीला दोन्हीकडून स्लीपरखाली दाबून धरतात. त्याच वेळी रूळ हवा तेवढा उचलला आणि सरळही केला जातो. नव्या जातीच्या यंत्राची चाल तर थांबतच नाही, बाहेरचा डबा एकसारखा पुढे जातो आणि पोटातला भाग थांबत-थांबत काम उरकतो. ऑस्ट्रिया देशात १९५३ साली निघालेल्या प्लासर अँड थ्युरर या कंपनीने अशी यंत्रे जगभर पोचवली. आपल्याकडे फरिदाबादला तिचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे. शेवटी आणखी एक यंत्र रुळाला धरून हलवते, म्हणजे सैल खडी बसते आणि पुढच्या गाडीला फार काळ रांगावे लागत नाही.

खडी नीट ठोकणे हे आता पूर्वीपेक्षाही जास्त जोखमीचे काम झाले आहे, आणि त्याचे कारण मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. पूर्वी दर तेरा मीटरला रुळात फट असे. गाडीचा तो खडक्-खडक् ताल त्या फटींचा. उन्हाळ्यात पोलाद वाढते, त्याला वाढायला ती जागा. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि तापमान चाळीस अंशांनी वाढले, तर तो जवळजवळ दीड फूट लांब होईल. आता रूळ जोडून लांबच लांब केले आहेत, फटी नाहीत, ताल गेला. मग वाढणारा रूळ जातो कुठे? कुठेच जात नाही. क्लिपा, जड स्लीपर आणि भोवतीची घट्ट खडी त्याला दाबून धरतात. खडी सैल राहिली तर रूळ नागासारखा वळतो आणि गाडी घसरते. म्हणून भर उन्हाळ्यात दुपारी आजही माणूस पायी रूळ तपासत फिरतो. यंत्राला अजून तेवढे डोळे आलेले नाहीत.

आणि या फिरणाऱ्या माणसाचा जीव स्वस्त आहे. दोन लाईनच्या मध्ये वाकून काम करताना दुसऱ्या लाईनवरून गाडी येते आणि माणूस जातो, अशा बातम्या आपण वाचतो, चार ओळींच्या. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली अहवाल दिला, त्यात कामावर मरणाऱ्या आणि जखमी होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावर बोट ठेवले होते. गाडी जवळ आल्याची सूचना देणारी उपकरणे काही ठिकाणी गँगला दिली गेली. जावयाला विचारले तर तो हसला आणि म्हणाला, माझे उपकरण म्हणजे झेंडीवाला गडी.

यंत्राचा दोष नाही

पाहुण्यांच्या घरी त्या रात्री वाद रंगला. एकाचे म्हणणे, हे यंत्र म्हणजे आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाणारा राक्षस. जेथे शंभर लागत तेथे वीस पुरतात. आणि उरलेली मेहनतीची कामे ठेकेदाराच्या माणसांकडे, ज्यांना ना क्वार्टर, ना पास, ना पेन्शन. मेळघाटातून हंगामात कामाला उतरणारे आपले कोरकू बांधव असल्या मजुरीचे हाल जाणतात. हे म्हणणे खोटे नाही. गँगमनची नोकरी सर्वांत खालची होती, पण कायमची होती. त्या पगारावर कितीतरी घरांतली मुले शाळेत गेली, पुढे मास्तर झाली, कारकून झाली, नर्स झाली. आबाजींची धाकटी लेक आज शिक्षिका आहे. ती पायरी काढून घेतली तर खालचा माणूस चढणार कोठून?

पण म्हणून पहार परत आणा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने पहार मारली नाही त्याने खुशाल म्हणावे. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणारा ग्रंथ लिहिला, त्यात यंत्राविषयी स्पष्ट मत दिले आहे. यंत्राला नावे ठेवणाऱ्यांचे त्यांनी ऐकून घेतले नाही. माणूस दिवसभर जनावरासारखा राबत राहिला तर त्याला विचार करायला, शिकायला फुरसत मिळायची नाही, आणि ती फुरसत यंत्रामुळेच मिळू शकते. यंत्रामुळे अनर्थ होतो तो यंत्राचा दोष नसून ज्या समाजरचनेत त्याचा लाभ मूठभरांच्या पदरी पडतो तिचा दोष आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मनमाडचे भाषण आणि हे मत शेजारी ठेवून वाचले म्हणजे आजचा प्रश्न नीट दिसतो. क्रेनवर वर बसलेला तो एकटा माणूस कोण आहे? त्याला तेथे कोणी बसवले? आपला जावई खाली क्लिपा का बसवतो आहे?

जावयाचे उत्तर साधे होते. वर बसलेला माणूस आय. टी. आय. झालेला, परीक्षा देऊन ट्रॅक मशीनच्या खात्यात लागलेला आणि प्रयागराजला शिकून आलेला आहे. तेथे रेल्वेचे ट्रॅक मशीनचे प्रशिक्षण केंद्र आहे. वरच्या इंजिनिअरांसाठी आपल्या पुण्यात संस्था आहे. जावई स्वतः दहावीवर लागला. आता तो विभागीय परीक्षेची पुस्तके घेऊन बसतो, ड्यूटीहून आल्यावर, डोळे मिटत असताना. १९३८ साली नसलेली पायरी आज कागदावर तरी आहे. ती झिजू नये यासाठी संघटनेत भांडायचे आणि तिच्यावर पाय ठेवण्यासाठी घरात अभ्यास करायचा, दोन्ही एकाच घराला करावे लागते.

आमच्या भागात हे काम संपलेले नाही. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला, १८९ किलोमीटरची अरुंद लाईन, जिचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले आणि डिझेलचे आले, ती आज बंद पडून गवतात गेली आहे. ती रुंद व्हावी म्हणून लोक मोर्चे काढतात. अकोल्याहून धुळघाटचा वेढा घालून खंडव्याला जाणारी मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला थांबली. अकोटपर्यंत रुंद रूळ पडले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात गाडी सुरू झाली. पुढे वाघांच्या जंगलातून लाईन न्यायची की नाही यावर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्ग जंगलाबाहेरून नेण्याचे ठरले. म्हणजे रूळ पडायचे आहेत, यंत्रे यायची आहेत, माणसे लागायची आहेत.

म्हणून घरात दहावी-बारावीची मुले-मुली असतील त्यांच्यासाठी थोडे. ट्रॅक मशीनच्या खात्यात तीन ठिकाणी शिरता येते. सर्वांत खालच्या श्रेणीत असिस्टंट, मध्ये टेक्निशियन, वर ज्युनिअर इंजिनिअर. इंजिनिअरच्या जागेला डिप्लोमा लागतो, टेक्निशियनला आय. टी. आय. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक हे ट्रेड उपयोगी पडतात. रेल्वेच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना खालच्या श्रेणीत वीस टक्के जागा राखून असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जाहिरात रेल्वे भरती मंडळाच्या नावाने निघते. पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणारा दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मुलींनी मागे राहायचे कारण नाही. रुळावर ट्रॅक मेंटेनर म्हणून बाया काम करतात, आम्ही त्या फाटकापाशी दोघींना झेंडी आणि पाना हाताळताना पाहिले.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. सगळे यंत्राने होऊ लागले तरी खालच्या श्रेणीच्या भरतीत अंगमेहनतीची परीक्षा आजही आहे. मुलग्यांनी ३५ किलो वजन उचलून, खाली न टेकवता, दोन मिनिटांत १०० मीटर न्यायचे आणि १,००० मीटर सव्वाचार मिनिटांत धावायचे. मुलींना वजन २० किलो आणि धावायला ५ मिनिटे ४० सेकंद. आमच्या वस्तीतली दोन मुले आणि एक मुलगी सध्या पहाटे धुक्यात देवी पॉइंटच्या रस्त्याने पोत्यात वाळू भरून धावतात. वाळू मोजून देतात आबाजी, आणि घड्याळही त्यांच्याच हातात असते.